नव्या वर्डमध्ये जुना हात अडतो तेव्हा काय करायचं

सांगलीत विजयनगरला कोर्ट आणि कलेक्टर कचेरीच्या आसपास टायपिंगची, झेरॉक्सची, दस्त तयार करून देण्याची जी दुकानं आहेत, तिथं सध्या एकच तक्रार फिरून फिरून कानावर येते. संगणक नवा आला, त्याच्याबरोबर वर्डही नवं आलं, आणि वीस-वीस वर्षं खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं टाइप करणारी माणसं पॅराग्राफची एक साधी खिडकी उघडायला पडदाभर माउस फिरवत बसली आहेत. कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही संपला. पुष्कळांनी त्या सुमारास मशीन बदललं. ज्यांचं काम तोवर वर्ड २००३ किंवा २००७ वर बिनबोभाट चाललं होतं, ते एकदम आजच्या वर्डवर येऊन पडले.

नवशिक्याला हा त्रास होत नाही. तो पडद्यावरचं वाचत वाचत काम करतो, त्यामुळे बटण कुठंही असलं तरी त्याला सारखाच वेळ लागतो. मुरलेला टायपिस्ट पडदा वाचतच नाही. त्याची नजर समोरच्या कच्च्या मसुद्यावर असते आणि हात आपोआप ठरलेल्या जागी जातो. ती जागा हलली की त्याचं काम तिथंच थांबतं. म्हणून ‘पुन्हा एखादा कोर्स करा’ हा सल्ला मला पटत नाही. या माणसांना पॅराग्राफ, टॅब, सेक्शन, हेडर सगळं येतं. त्यांना हवी आहे ती वाट, आणि बहुतेक वाटा अजून शाबूत आहेत.

आधी एक फरक लक्षात घ्या. तक्रारी दोन जातीच्या आहेत. एक, बटण सापडत नाही. दुसरी, कागदच बदलला: मजकूर वाढला, पान सरकलं, जुनी फाइल हातची गेली. पहिलीत वेळ जातो. दुसरीत दस्त जातो. लोक पहिलीबद्दल जास्त बोलतात, म्हणून मी दुसरीपासून सुरुवात करतो.

जुना दस्त उघडला, नावं बदलली, आणि मूळ फाइल गेली

दस्त लिहिणाऱ्यांची जुनी पद्धत अशी: मागच्या वर्षीचं एखादं चांगलं खरेदीखत उघडायचं, लिहून देणार आणि लिहून घेणार बदलायचे, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मोबदला बदलायचा, सगळं वाचून झालं की शेवटी ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्यायचं. मूळ फाइल जशीच्या तशी राहायची. या पद्धतीत काहीही चूक नव्हती.

नव्या वर्डमध्ये फाइल वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) असेल तर ऑटोसेव्ह चालू असतं. म्हणजे तुम्ही पहिलं नाव बदललं त्या क्षणापासून ते मूळ फाइलमध्ये जतन होत जातं. शेवटी नवं नाव द्यायला जाता तोवर मागच्या वर्षीच्या दस्तात या वर्षीची माणसं बसलेली असतात. फाइलच्या पानावर ‘सेव्ह ॲज’ ऐवजी ‘सेव्ह अ कॉपी’ दिसतं, ते याचंच लक्षण. आणि ‘मी तर काही वनड्राइव्हमध्ये ठेवत नाही’ असं म्हणू नका. विंडोज पहिल्यांदा चालू करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डर वनड्राइव्हला जोडली गेलेली असू शकतात. तेव्हा तुमचा डेस्कटॉपच तिकडे गेलेला असतो.

उपाय असा. वर्डच्या खिडकीत अगदी वर डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्हचा खटका असतो. तो चालू आहे की बंद, हे दस्ताला हात लावण्याआधी पाहा. क्रम बदला: फाइल उघडली की पहिल्यांदा एफ१२ दाबा, नवं नाव द्या, मगच टायपिंग. एफ१२ ने तीच जुनी, साधी ‘सेव्ह ॲज’ची खिडकी येते, आणि ती प्रत्येक आवृत्तीत आहे. नाहीतर कंट्रोल आणि एफ१२ दाबून उघडण्याची खिडकी आणा, ‘ओपन’ बटणाला लागून असलेला छोटा बाण दाबा आणि ‘ओपन ॲज कॉपी’ निवडा. मग मूळ फाइलला धक्काच लागत नाही.

याहून पक्कं काम करायचं तर नेहमीचे नमुने टेम्पलेट म्हणून जतन करून ठेवा. एफ१२ च्या खिडकीत खाली फाइलचा प्रकार ‘वर्ड टेम्पलेट’ निवडायचा. पुढे त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की दरवेळी त्याची बिननावाची नवी प्रत उघडते, नमुना आत सुरक्षित राहतो. खरेदीखत, संमतीपत्र, कुलमुखत्यारपत्र, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, एवढ्यांचे नमुने एका दुपारी होतात. माझ्या मते या पूर्ण लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा.

फाइल आधीच बिघडली असेल तर घाबरून तिच्यावर पुन्हा टायपिंग करू नका. फाइल, मग इन्फो, मग ‘व्हर्जन हिस्टरी’ इथं जा. वनड्राइव्हवरच्या फाइलच्या आधीच्या प्रती तिथं तारीख-वेळेसह मिळतात, हवी ती उघडून वेगळ्या नावानं जतन करा.

ज्यांना ढगात, म्हणजे इंटरनेटवर, काही ठेवायचंच नाही त्यांनी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ला खूण करावी आणि ऑटोसेव्हची खूण काढावी. पण त्याच पानावर ऑटोरिकव्हरची वेळ असते, ती मुळात १० मिनिटं असते, ती कमी करून ठेवा. वीज गेली की ऑटोसेव्ह नसलेल्या फाइलला तोच आधार.

मुद्रांकाच्या छापील भागावर मजकूर चढतो, किंवा शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात

मुद्रांक कागदाचा वरचा छापील भाग सोडून मजकूर सुरू करायचा असतो. त्यासाठी पुष्कळजण मोजून एंटर दाबतात. वर्ड २००३ मध्ये हे जमत होतं, कारण तिथं टाइम्स न्यू रोमन १२ पॉइंट, एकेरी ओळ आणि परिच्छेदानंतर जागा शून्य. एक एंटर म्हणजे एक ओळ, हा हिशेब पक्का होता.

२००७ मध्ये तो मोडला. अक्षर कॅलिब्री ११ झालं, ओळींमधलं अंतर १.१५ आणि प्रत्येक परिच्छेदानंतर १० पॉइंट जागा आली. २०१३ मध्ये ते १.०८ आणि ८ पॉइंट झालं. आता कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस आहे, ८ पॉइंटची जागा तशीच. १० एंटर मारले तर नुसती परिच्छेदानंतरची जागाच ८० पॉइंट होते, म्हणजे जवळजवळ २.८ सेंटिमीटर. मुद्रांकावर एवढा फरक पडला तर कागद वाया जातो, आणि तो कागद फुकट येत नाही.

जुनी फाइल जशीच्या तशी उघडली तर हा त्रास होत नाही, तिच्या सवयी तिच्या पोटात असतात. त्रास होतो तो कोऱ्या फाइलमध्ये जुना मजकूर चिकटवला की. तो मजकूर नव्या फाइलच्या सवयी उचलतो आणि ताणला जातो. ‘तोच मजकूर, कालपर्यंत तीन पानांत बसत होता’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथंच असतं.

कायमचा उपाय: कोरी फाइल उघडा. ‘डिझाइन’ टॅबवर ‘पॅराग्राफ स्पेसिंग’मध्ये ‘नो पॅराग्राफ स्पेस’ निवडा आणि शेजारचं ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा. नंतर कंट्रोल-डी ने फॉन्टची खिडकी आणा, अक्षर आणि आकार निवडा, खालचं ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा, आणि ‘नॉर्मल टेम्पलेटवरच्या सर्व दस्तऐवजांसाठी’ या अर्थाचा पर्याय निवडा. इथून पुढची प्रत्येक कोरी फाइल जुन्यासारखी वागते. २००७ आणि २०१० मध्ये हेच काम ‘चेंज स्टाइल्स’मध्ये आहे, तिथं ‘वर्ड २००३’ नावाचा तयार संचच मिळतो.

मुद्रांकाची जागा मात्र एंटरनं सोडणं आता थांबवा. पट्टीनं छापील भाग मोजा. पहिल्या परिच्छेदावर कर्सर ठेवून पॅराग्राफची खिडकी उघडा आणि ‘स्पेसिंग बिफोर’च्या चौकटीत ते माप टाका. चौकटीत पॉइंट दिसतात, पण तुम्ही इंग्रजी आकडा लिहून पुढं सेंटिमीटरची इंग्रजी अक्षरं सी-एम टाकलीत तरी वर्ड स्वतः हिशेब करतं. हे माप नमुन्यात एकदा बसवलं की कोणत्याही मशीनवर तेवढीच जागा सुटते.

कागदाचा आकारही पाहून घ्या. नव्या लॅपटॉपवर विंडोजचा प्रदेश अमेरिका राहिला असेल तर वर्डचं कोरं पान लेटर आकाराचं निघतं. लेटर २१.५९ बाय २७.९४ सेंटिमीटर, ए४ २१ बाय २९.७. उंचीत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. लीगल त्याहून लांब, ३५.५६ सेंटिमीटर. पेज सेटअपच्या खिडकीत आकार निवडून तिथंही ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा.

ॲप्टॉसबद्दल एक सावधगिरी. जुन्या वर्डच्या मशीनवर हे अक्षर नसतं. तुमच्याकडे नीट दिसणारी फाइल दुसऱ्याच्या दुकानात छापायला नेली की तिथं दुसरं अक्षर बसतं आणि पानं सरकतात. छपाईसाठी बाहेर जाणारी फाइल पीडीएफ करूनच द्या.

मराठी अक्षर आपोआप बदलतं

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण वर्डवर लिहिलेल्या इंग्रजी मदतीत ती कुठंच भेटत नाही.

श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे जुने फॉन्ट यांच्यावर आजही भरपूर काम चालतं. या फॉन्टमध्ये फाइलच्या आत खरोखर मराठी अक्षर नसतं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. लहान इंग्रजी अक्षरामागे एक मराठी अक्षर, मोठ्यामागे दुसरंच. वर्डला हे ठाऊक नाही. त्याला वाटतं इंग्रजी वाक्य सुरू झालं, म्हणून ते पहिलं अक्षर मोठं करतं, आणि पडद्यावर भलतंच मराठी अक्षर उमटतं. अवतरण चिन्ह वाकडं करणं, जोडरेषेची लांब रेषा करणं, यानंही हेच होतं.

तुमच्या जुन्या मशीनवर हे सगळं कधीतरी कुणीतरी बंद करून ठेवलेलं होतं. नव्या मशीनवर ते पुन्हा चालू असतं. म्हणून ‘आमच्या वर्डला असं होत नव्हतं’ हे म्हणणं अगदी खरं आहे.

ऑल्ट धरून टी, मग ए. ऑटोकरेक्टची जुनी खिडकी येईल. पहिल्या पानावर वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करण्याची, दोन मोठ्या अक्षरांची दुरुस्ती करण्याची, वारांच्या नावांची, सगळ्या खुणा काढा. मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावर जाऊन सरळ अवतरणाची वाकडी करणं, जोडरेषेची लांब रेषा करणं, अपूर्णांक बदलणं या खुणाही काढा. बाजूला ‘ऑटोफॉरमॅट’ नावाचं जवळजवळ तसंच आणखी एक पान आहे. तेही पाहा, लोक ते विसरतात.

युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या आतही खरं मराठी अक्षर असतं त्या पद्धतीत, काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते फॉन्टचं नाव बदलतात आणि मराठी मजकूर तसाच राहतो, बदलतात ते फक्त मधले इंग्रजी शब्द आणि आकडे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा लक्षात ठेवतं. कंट्रोल-डी च्या खिडकीत त्याचा स्वतंत्र विभाग असतो. तो दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर मराठी जोडा, वर्ड बंद करून उघडा. मग दोन्ही विभागांत फॉन्ट आणि आकार ठरवून डिफॉल्ट करा.

मंगल फॉन्टच यादीत नाही, असंही विचारतात. विंडोज १० पासून तो मुळात बसवलेला नसतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ऐच्छिक सुविधांत ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ आहेत, ते घेतले की मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह येतात. मराठी भाषा विंडोजमध्ये जोडली तरी येतात.

आता बटणं

मिरजेतले एक जुने दस्तलेखक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नवं वर्ड उघडून त्यांनी दुकानातल्या पोराला विचारलं, “फॉरमॅट कुठं गेलं रं?” पोरगा वर्ग करून आलेला, त्यानं ‘फॉरमॅट’ नावाचा मेनू जन्मात पाहिला नव्हता. तो म्हणाला, “अण्णा, तसलं काय नसतंय ह्यात.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि काम अडून राहिलं होतं.

फॉरमॅट मेनू गेला, पण त्याच्या खाली ज्या खिडक्या होत्या त्या गेलेल्या नाहीत. पॅराग्राफ, फॉन्ट, टॅब, पेज सेटअप, बॉर्डर या खिडक्या आजही बऱ्याच अंशी २००३ सारख्याच आहेत. तुमचं ज्ञान त्या खिडक्यांचं आहे. दार बदललं आहे, आणि जुनं दारही अजून उघडतं. ऑल्टसह जुन्या मेनूचं अक्षर दाबा, मग पुढचं अक्षर. वर एक छोटी चौकट येते, जुन्या ऑफिसचा मार्ग पुढे टाइप करा असं ती सांगते. तिच्याकडे न पाहता हात पुढं चालवा. कीबोर्ड मात्र त्या वेळी इंग्रजीवर ठेवा.

ऑल्ट-ओ, पी: पॅराग्राफ.
ऑल्ट-ओ, एफ: फॉन्ट.
ऑल्ट-ओ, टी: टॅबची मापं.
ऑल्ट-ओ, बी: बॉर्डर आणि शेडिंग.
ऑल्ट-आय, बी: पान किंवा सेक्शन तोडणं.
ऑल्ट-आय, एस: चिन्हं.
ऑल्ट-ई, एस: पेस्ट स्पेशल.
ऑल्ट-टी, डब्ल्यू: शब्दसंख्या.
ऑल्ट-टी, ओ: ऑप्शन्स.

चालत नाहीत ते मार्ग तीन अक्षरांचे: एफ, एच आणि डब्ल्यू. ही अक्षरं आता नव्या फाइल, होम आणि व्ह्यू टॅबना दिलेली आहेत. त्यामुळे पेज सेटअपचा जुना ऑल्ट-एफ, यू गेला. त्याच्या जागी ऑल्ट-पी, एस, पी. तीन कळा आहेत, पण दोन दिवसांत बोटांत बसतात. माउसवाल्यांनी उभ्या पट्टीवर दोनदा क्लिक करावं, तीच खिडकी येते. पट्टी दिसत नसेल तर ‘व्ह्यू’मध्ये ‘रूलर’ला खूण करा, नव्या वर्डमध्ये ती बहुधा लपलेली असते.

माउसनं रिबनवर (मेनूच्या जागी आलेल्या बटणांच्या रुंद पट्टीवर) काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळायला हवी. जुना मेनू प्रत्येक पडद्यावर सारखाच उघडायचा. रिबन खिडकीच्या रुंदीप्रमाणे आकसते. मोठ्या मॉनिटरवर जे बटण मोठं आणि नावासह दिसतं, ते छोट्या लॅपटॉपवर नुसतं चित्र होतं किंवा एका गटाच्या आत जातं. दुकानात दोन मशीन असतील तर एकावर सवय झालेला हात दुसऱ्यावर चुकणारच. कळांचे मार्ग मात्र दोन्हीकडे तेच राहतात. म्हणून मी जुन्या लोकांना माउस सोडून कळांकडे यायला सांगतो, ते वेगासाठी नाही, जागा पक्की राहावी म्हणून.

गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरपा छोटा बाण असतो. तो दाबला की जुनी पूर्ण खिडकी उघडते. एवढा बाण दाखवला तरी निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो.

स्वतःची पट्टी तयार करा

क्विक ॲक्सेस टूलबार म्हणजे तुमच्या जुन्या टूलबारच्या सगळ्यात जवळची गोष्ट. नव्या वर्डमध्ये तीही लपलेली असू शकते. रिबनवर उजवं क्लिक करून ‘शो क्विक ॲक्सेस टूलबार’ निवडा आणि ती रिबनच्या खाली ठेवा, म्हणजे मजकुराजवळ येते. मग जे बटण वारंवार लागतं त्यावर उजवं क्लिक, ‘ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार’. पहिल्या नऊ बटणांना ऑल्टसह १ ते ९ हे आकडे आपोआप मिळतात.

दस्ताचं काम करणाऱ्यांनी मी काय ठेवावं म्हणतो? पॅराग्राफ, पेज सेटअप, फक्त मजकूर चिकटवणं, टेबल घालणं, आणि ‘प्रिंट प्रीव्ह्यू एडिट मोड’. शेवटचं नाव नीट लक्षात ठेवा. छापण्यापूर्वी पान पाहता पाहता तिथंच दुरुस्ती करता येणारा जुना प्रीव्ह्यू हाच. तो रिबनवर कुठंही नाही. ऑप्शन्समध्ये क्विक ॲक्सेसच्या पानावर ‘ऑल कमांड्स’ निवडून यादीत शोधावा लागतो. क्रम एकदा ठरवला की हलवू नका, नाहीतर आकडे बदलतात आणि हात पुन्हा चुकतो.

मोठं काम असेल, म्हणजे पतसंस्थेचे अहवाल, तर २०१० पासून रिबनवर स्वतःचा टॅबही करता येतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायच्या म्हणून ऑगस्टपासून सभासदांच्या नोटिसांची जी घाई असते, त्यासाठी मेल मर्जची (एकाच मजकुरात प्रत्येकाचं नाव-पत्ता आपोआप घालण्याची) बटणं आणि टेबलाची बटणं एका टॅबवर आणून ठेवली तर फार सोय होते. मेल मर्ज स्वतः ‘मेलिंग्ज’ टॅबवर आहे, आणि पायरीपायरीनं नेणारा जुना मदतनीस तिथं ‘स्टार्ट मेल मर्ज’च्या यादीत अगदी तळाशी.

थोडक्यात उरकण्यासारखं

रिबनच गायब झाली: एखाद्या टॅबच्या नावावर चुकून दोनदा क्लिक झालं आहे. कंट्रोल आणि एफ१.

टेबलाची बटणं दिसत नाहीत: कर्सर टेबलाच्या आत न्या, मगच ते टॅब येतात. आणि ‘लेआउट’ नावाचे दोन टॅब होतात, एक पानाचा, एक टेबलाचा. टेबलाचा उजवीकडचा.

कंट्रोल-एफ दाबलं की बाजूला कप्पा उघडतो: २०१० पासून असंच आहे. जुनी खिडकी हवी तर कंट्रोल-एच दाबून ‘फाइंड’च्या पानावर जा. कायमची हवी असेल तर ऑप्शन्समध्ये रिबनच्या पानावर खाली कीबोर्डचं बटण आहे, तिथं ‘एडिटफाइंड’ या आज्ञेला कंट्रोल-एफ द्या.

कंट्रोल-शिफ्ट-व्ही वेगळंच काहीतरी करतं: हा बदल खरोखर त्रासदायक आहे. पूर्वी ही कळ नक्कल केलेली मांडणी दुसऱ्या परिच्छेदाला लावायची. आता ती फक्त मजकूर चिकटवते. मांडणीसाठी आता कंट्रोल-ऑल्ट-सी आणि कंट्रोल-ऑल्ट-व्ही. व्हॉट्सॲपवरून आलेला पत्ता किंवा सातबाऱ्यावरची माहिती चिकटवताना मात्र नवी कळ फार कामाची आहे.

कंट्रोल-ओ दाबलं की पूर्ण पडदा व्यापणारं पान येतं: ऑप्शन्स, सेव्ह, तिथं कळांनी उघडताना ‘बॅकस्टेज’ दाखवू नये अशी खूण आहे.

काहीच आठवत नाही: ऑल्ट-क्यू दाबा आणि हवं ते इंग्रजीत लिहा. अडलेल्या वेळेपुरतं चांगलं. रोज त्यावर विसंबून राहू नका.

सगळं लावून ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं

हाच प्रश्न परत परत येतो. याची कारणं वेगवेगळी आहेत, पण सगळी एका गोष्टीशी येऊन थांबतात: या सेटिंग विंडोजच्या खात्यागणिक असतात, मशीनगणिक नाहीत. सकाळी मालक एका खात्यानं काम करतो, दुपारी मुलगी दुसऱ्या खात्यानं. तिला कोरं वर्ड मिळतं. मशीन फॉरमॅट केलं, नवं खातं केलं, तरी तेच.

म्हणून दोन गोष्टी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पहिली, रिबन आणि पट्टीची मांडणी. ऑप्शन्समध्ये रिबनच्या पानावर तळाशी ‘इंपोर्ट/एक्सपोर्ट’ आहे. तिथून निघणारी एक छोटी फाइल दुसऱ्या मशीनवर किंवा खात्यावर आत घेतली की तुमची पट्टी जशीच्या तशी उभी राहते. आत घेताना आधीची मांडणी पुसली जाते, हे लक्षात असू द्या.

दुसरी, नॉर्मल टेम्पलेट. डिफॉल्ट अक्षर, परिच्छेदाची जागा, पानाचा आकार, तुमचे मॅक्रो (एका कळीवर बसवलेली कामांची मालिका), हे सगळं ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ या एका फाइलमध्ये असतं. ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्पलेट्स, तिथं ती सापडते. वर्ड पूर्ण बंद करून तिची नक्कल करा. वर्ड विचित्र वागायला लागलं, उघडताना अडखळलं, डिफॉल्ट धरेनासं झालं, तर हीच फाइल बिघडलेली असण्याची शक्यता असते. तिचं नाव बदला, वर्ड उघडा; ते नवी कोरी बनवतं. त्रास गेला तर निदान पक्कं झालं, मग वर्ड बंद करून तुमची चांगली नक्कल तिथं ठेवा. वर्ड पुन्हा बसवण्याच्या खर्चात पडण्याआधी हे करून पाहा.

शीर्षकपट्टीवर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लिहून आलं म्हणजे बिघाड नव्हे. फाइल जुन्या डॉक प्रकारातली किंवा जुन्या वर्डमध्ये केलेली आहे, एवढाच अर्थ. ज्याला परत द्यायची त्याच्याकडे जुनं वर्ड असेल तर तशीच राहू द्या. इन्फोमधलं ‘कन्व्हर्ट’ दाबाल तर पानांची मांडणी थोडी हलू शकते, म्हणून नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी ते दाबू नका.

दुकानात जुने आणि नवे दोघं काम करत असतील तर एक पद्धत लावा: मेनूचं किंवा टॅबचं नाव घेऊन सांगायचंच नाही, खिडकीचं नाव घ्यायचं. ‘फॉरमॅटमध्ये जा’ म्हटलं तर पोराला कळत नाही, ‘होमवर उजवीकडं’ म्हटलं तर अण्णांना सापडत नाही. ‘पॅराग्राफची खिडकी उघड’ म्हटलं की दोघं आपापल्या वाटेनं एकाच जागी पोचतात. वरची ऑल्टची यादी मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरच्या कडेला लावा, तीत फक्त तुमच्या कामाचे मार्ग ठेवा.

आणि ज्याला मेनूच हवेत, रिबन नकोच, त्यानं स्वतःवर जबरदस्ती करू नये. लिब्रेऑफिस मोफत आहे, आणि त्यातलं ‘रायटर’ जुन्या पद्धतीच्या मेनू-टूलबारवर चालतं. ‘व्ह्यू’मधल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये मांडणी निवडता येते. डॉक आणि डॉक्स दोन्ही फाइली ते उघडतं. टेबल, टॅब आणि पानतोड मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही, तेव्हा वकिलांना किंवा पक्षकाराला वर्डची फाइल द्यायची असेल तर ती एकदा वर्डमध्ये उघडून पाहा आणि सोबत पीडीएफ द्या. वर्डमध्ये केलेले मॅक्रो तिथं नीट चालतील याचा भरवसा धरू नका. मॅक्रोवर ज्यांचं काम चालतं त्यांनी वर्डमध्येच राहून वरच्या वाटा वापराव्यात.